गावातल्या पोरी शाळा का सोडतात, आधी वहीत उतरवा मग कामाला लागा

आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर भागात दर जूनला हे ठरलेलंच असतं, बायका गिरणीत नाहीतर बस स्टॉपवर भेटल्या की दहावी झालेल्या पोरींची चौकशी चालते, कोण बेळगावला गेली, कोण खानापुरातच पीयूसीला म्हणजे अकरावी-बारावीला बसली, आणि तीन-चार नावांवर आलं की आवाज बारीक होतो, "ती होय, ती घरातच आहे की वो." का घरात आहे म्हणून विचारलं तर प्रत्येकाकडं उत्तर तयार असतं, अभ्यासात मन नाही, आईबाप अडाणी, मोबाईलचं वेड. यातलं एकही उत्तर त्या पोरीला विचारून दिलेलं नसतं.

मी हे लिहितेय ते महिला मंडळवाल्या, स्त्रीशक्ती संघवाल्या, अंगणवाडीच्या बाई, नुकतीच डिग्री झालेल्या पोरी यांच्यासाठी, ज्यांना गावातल्या मुलींसाठी कायतरी करायचंय खरं सुरुवात कुठनं करायची ते कळत नाही. माझं सांगणं एकच आहे, पहिल्यांदा विचारा, मोजा, लिहून काढा, आणि मगच त्यात पैसा आणि वेळ घाला. रिसर्च म्हणतात तो हाच, त्यासाठी बेंगळूरला जायला लागत नाही.

आम्ही सुरुवातीला उलटं केलं. मुली शाळा बुडवतात म्हणजे पाळीमुळंच असणार असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो, वर्गणी काढली, पॅड आणून वाटले, फोटो काढले, आणि पुढच्या वर्षी गळती तेवढीच. पॅड वाईट होते असं नाही, पोरींना ते पाहिजेतच, खरं शाळा सुटायचं कारण वेगळं होतं आणि ते आम्ही विचारलंच नव्हतं. नंतर कळलं की नेपाळमध्ये चितवन भागात दोन अर्थशास्त्रज्ञ बायकांनी हेच मोजून बघितलं होतं, तिथं पाळीमुळं मुलींची शाळा १८० दिवसांच्या वर्षात सरासरी अर्धा दिवससुद्धा बुडत नव्हती. तिथलं उत्तर आपल्याकडं जसंच्या तसं लागू होईल असं नाही, आपल्याकडं शाळेच्या संडासाला पाणी नसेल तर गोष्ट वेगळी. म्हणूनच तर आपल्या गावात आपण विचारायचं.

आणि आपल्याला हे जमणार नाही असं वाटत असेल तर आपल्याच जिल्ह्याची एक गोष्ट सांगते. बाळंतपणानंतर रक्तस्राव होऊन बायका जायच्या, त्यावरचं इंजेक्शन थंड ठेवायला लागतं आणि वाडीवर फ्रीज कुठला. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या लोकांनी बाहेरच्या संशोधकांबरोबर मिळून जिल्ह्यातल्या खेड्यांत मिसोप्रोस्टॉलच्या गोळीचा अभ्यास केला. एकूण १६२० बाळंतिणी होत्या, कुणाला खरी गोळी आणि कुणाला नुसती दिसायला तशी गोळी ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, आणि गोळी देणाऱ्या होत्या आपल्या नर्सबाई, मोठे डॉक्टर नव्हेत. नुसती दिसायला तशी गोळी घेतलेल्या बायकांत १२ टक्के जणींना जास्त रक्तस्राव झाला, खरी गोळी घेतलेल्यांत ६.४ टक्के. २००६ साली ते लॅन्सेटमध्ये छापून आलं आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ही गोळी या कामासाठी आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आपल्या खेड्यांतल्या बायका हो म्हणाल्या म्हणून जगभरच्या बाळंतिणींचा फायदा झाला, मला याचा लई अभिमान वाटतो आणि आमच्या पोरींना हे कुणी सांगत नाही याचं वाईट वाटतं.

बरं, आता काम.

सगळं गाव घेऊ नका. एक गल्ली नाहीतर एक वाडी घ्या, ४०-५० घरं, दोन बायकांना चार रविवारात होतं. दोघींपैकी एकीला कन्नड वाचता आलं पाहिजे, कारण कागद सगळे कन्नडात असतात, ते पुढं सांगते. सुरू करण्याआधी शाळेच्या एसडीएमसीच्या म्हणजे शाळा समितीच्या अध्यक्षांना, हेडमास्तरांना, अंगणवाडीच्या बाईंना आणि तुमच्या वॉर्डाच्या पंचायत मेंबरला तोंडी का होईना सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी गावात उठतंय की ह्या कुठल्यातरी स्कीमची नावं लिहून घ्यायलेत, आणि मग लोक उत्तरं त्या हिशोबानं देतात. दारात गेल्यावर पहिलं वाक्य हेच म्हणा, "काकू, आम्ही काय द्यायला आलो नाही, विचारायला आलोय." आईची परवानगी घ्या आणि मुलीचीही वेगळी घ्या, मुलगी नको म्हणाली तर वही बंद करायची आणि चहा पिऊन यायचं. वहीत नाव लिहू नका, घर नंबर १, घर नंबर २ असं लिहा, आणि कुठल्या नंबरचं घर कुणाचं ती यादी वेगळ्या वहीत, ती एकीच्याच कपाटात. फोटो अजिबात नको. एकदा जरी कुणाच्या घरातली गोष्ट बाहेर फुटली की पुढची सगळी दारं बंद होतात, आणि बंद केली तर लोकांचं चुकत नाही.

प्रश्न दहा-बारा पुरेत, खरं कसे विचारता त्यावर सगळं आहे. "मुलगी शाळेला जाते काय?" असं विचारलं की सगळ्या आया "जाते की" म्हणतात. "काल गेली होती काय? परवा?" असं विचारा, मग कळतं. "किती काम करतेस?" विचारलं तर पोरगी हसून "काय नाही ओ" म्हणते, त्यापेक्षा "काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस ते सांग" म्हणा आणि वेळेसकट लिहा. आम्ही एका घरी असं बसलो होतो, आठवीतली मुलगी, तिचा भाऊ नववीत. तिचं लिहिता लिहिता माझं पान भरलं, साडेपाचला उठून पाणी भरलं, चूल पेटवली, धाकट्याची अंघोळ, शेण काढलं, आई कामाला जाणार म्हणून भाकऱ्या, शाळा, आल्यावर भांडी, परत पाणी. भावाचं चार ओळींत संपलं. तो तिथंच कट्ट्यावर बसून ऐकत होता, त्यानं वहीत डोकावून दोन्ही पानं बघितली आणि काही न बोलता उठून घागर घेऊन गेला. एका घागरीनं फार बदललं असं मी म्हणत नाही, खरं त्या घरात ही गोष्ट पहिल्यांदा कागदावर दिसली. देशभरचा आकडाही असाच आहे, सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं जातात आणि जे पुरुष करतात त्यांची ९७, आणि मुळात करणारे पुरुष चारात एक.

आई आणि मुलीला वेगवेगळं विचारा. आईला परड्यात, मुलीला पुढच्या सोप्यात, एकीनं एकीशी बोलायचं. दोघींची उत्तरं जुळत नाहीत तिथंच खरं कारण असतं.

वाचन तपासायचं असेल तर सोप्पी रीत आहे, प्रथम संस्था २००५ पासून असर नावाच्या, खेड्यांतल्या मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीत हीच वापरते आणि ती करते घरी जाऊन, शाळेत नाही, म्हणजे ज्या मुली शाळेतच येत नाहीत त्यापण सापडतात. एका कागदावर चार गोष्टी, सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मुलगी जिथपर्यंत नीट वाचते ती तिची पातळी, बास. शेजारच्या पोरांसमोर वाचायला लावू नका, आत बसून वाचू दे. आमच्याकडं सहावीतली एक मुलगी होती, वर्गात पुस्तकातला धडा घडाघडा म्हणायची, बाई खूश असायच्या. आमच्या कागदावरची नवीन गोष्ट पुढं ठेवली तर बोट "पा" वर, मग "ऊ" वर, मग "स" वर, आणि तिघांना जोडायला तिला इतका वेळ लागला की माझंच बोट शिवशिवायला लागलं. धडा तिला पाठ होता, वाचता येत नव्हतं, आणि सहा वर्षं हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. अशी पोरगी आठवीला गेली की तिला सगळंच अवघड जातंय, आणि मग लोक म्हणतात अभ्यासात मन नाही.

चार रविवार झाले की एका रात्री जेवणं आटपून बसा आणि एका मोठ्या कागदावर कारणं लिहून रेघा मारत जा, पाच रेघांचा एक गठ्ठा. कॉम्प्युटर लागत नाही. आमच्या ४६ घरांत १० ते १८ वयाच्या ३८ मुली निघाल्या, त्यातल्या ७ शाळा सोडलेल्या, आणि त्या सातांत बसची वेळ चौघींना आड आली होती, कागदपत्रं दोघींना, आणि एका घरी आई आजारी. पाळी एकीनंही सांगितली नाही. तुमच्याकडं निप्पाणी, चिक्कोडी भागात बिडी, तंबाखू, ऊस यांची कामं निघतील, शहापूर-वडगावात मागावरची कामं निघतील, अथणी-कागवाडला वेगळंच काय निघेल. म्हणून आमचं उत्तर उचलू नका, रीत उचला.

आता कारण हातात आलं की एकच घ्यायचं, सगळी नव्हे. जी कारणं आपल्या भागात परत परत निघतात त्यांचं काय करायचं ते सांगते.

बस. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसमधून तिकीट नाही, म्हणजे पैशाचा प्रश्न सुटला, खरं जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात साडेसातच्या कॉलेजला पोचवणारी बसच नसेल तर फुकट तिकिटाचं करायचं काय. बिहारमध्ये २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले, तेव्हा हायस्कुलात नाव घालणाऱ्या मुली ३२ टक्क्यांनी वाढल्या, आणि जास्त फरक पडला तो शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांत. म्हणजे अंतर हे कारण सांगायला साधं वाटतं खरं जड आहे. आम्ही पहिला अर्ज दिला त्यात "बसची सोय करावी ही विनंती" एवढंच होतं, तो एका कचेरीत पडून राहिला, दुसराही पडून राहिला. तिसऱ्या अर्जाला वहीतली माहिती जोडली, कुठल्या स्टॉपवर किती मुली, कॉलेज किती वाजता भरतंय, आत्ताची बस किती वाजता येतीय, संध्याकाळी पोरी किती वाजता घरी पोचतात, पंचायतीचा ठराव, शाळेचं पत्र, आणि खाली आयांच्या सह्या-अंगठे. अर्ज कन्नडात लिहिला, पोच घेतली, दर सोमवारी जाऊन बसलो. बस अर्धा तास आधी सुटायला लागली. अर्ज द्यायचा तर असा द्या.

कागदपत्रं. यावर जरा जास्त बोलते कारण सीमाभागात हे दुखणं खास आपलं आहे. मुलीचं नाव जन्मदाखल्यावर कन्नडात एक, आधारवर इंग्लिशमध्ये दुसरं, मराठी शाळेच्या रजिस्टरात तिसरं. कुठं बापाचं नाव मधे, कुठं आडनाव पुढं, कुठं आडनावच नाही, कुठं "श्"चा "स्" झालेला. दहावीपर्यंत कुणाचं अडत नाही. मग एसएसएलसीच्या म्हणजे दहावीच्या मार्क्स कार्डावर जे छापलं जातंय ते कायमचं चिकटतं, आणि स्कॉलरशिपचा अर्ज भरायला बसलं की नाव जुळत नाही म्हणून अडतंय, घरचे दोनदा तालुक्याला हेलपाटे घालतात, तिसऱ्यांदा म्हणतात राहू दे आता. एक हुशार पोरगी अशी एका वेलांटीवरून घरी बसलेली मी बघितलीय.

म्हणून ही तपासणी आठवीत करा, जास्तीत जास्त नववीत. एका दुपारी सगळ्या मुलींना आपापले कागद घेऊन शाळेत नाहीतर देवळात बोलवा आणि कन्नड येणाऱ्या बाईला मधे बसवा. जन्मदाखला, आधार, शाळेतल्या एसएटीएसमधलं म्हणजे मुलांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीतलं नाव आणि बँकेचं पासबुक, चारी एका ओळीत ठेवून अक्षर न् अक्षर वाचायचं, मुलीचं, आईचं, बापाचं, जन्मतारीख. चुकलंय तिथं पेन्सिलनं गोल. शाळेतलं हेडमास्तरांकडून दुरुस्त करून घ्यायचं, आधारचं आधार केंद्रात, आणि आधी कुठला कागद धरून बाकीचे बदलायचे ते एकदाच ठरवा, नाहीतर एक नीट करताना दुसरा बिघडतो. जात-उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून म्हणजे महसूल खात्याच्या कचेरीतून काढून ठेवा, त्यावरचा आरडी नंबर स्कॉलरशिपच्या एसएसपी पोर्टलवर घालायला लागतो, आणि बँक खातं आधारला जोडलंय काय ते बँकेत विचारून या, कारण पैसे त्याच खात्यावर येतात. नंबर पोरींच्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या, बापाच्या पाकिटात नको.

याला जोडूनच कन्नडचं. मराठी माध्यमातनं दहावी झालेली पोरगी पीयूसीला गेली की वर्गात इंग्लिश आणि बाहेर ऑफिसात कन्नड, दोन्हीकडं ती गप्प बसते. भाषेचा वाद मोठ्यांचा, त्यावर ज्याचं त्याचं मत असू दे, माझंही आहे, खरं त्याची किंमत त्या सोळा वर्षांच्या पोरीनं का मोजायची. एसएसएलसीची परीक्षा संपली की कॉलेज सुरू होईपर्यंत बरेच दिवस मोकळे असतात, त्यात रोज दीड तास वर्ग घ्या, बसच्या पाट्या वाचणं, अर्ज भरणं, "हेसरु", "तंदेय हेसरु", "विळास" म्हणजे नाव, बापाचं नाव, पत्ता असल्या रकान्यांचा सराव, आणि सायन्स-कॉमर्सचे इंग्लिश शब्द. गावात कन्नड माध्यमात शिकलेली सून एखादी तरी असतेच, तिला शिकवायला बोलवा. आमच्याकडं अशी एक वैनी होती, लग्न होऊन आल्यापासून मराठी येत नाही म्हणून बिचकून असायची, ती मे महिन्यात फळ्यापुढं उभी राहिली आणि तिचा आवाज आम्ही पहिल्यांदा ऐकला.

वाचन. इयत्तेप्रमाणं बसवू नका, कागदावर जी पातळी आली तिच्याप्रमाणं बसवा, सहावीतली आणि तिसरीतली शेजारी बसू देत. प्रथमनं हीच पद्धत वर्षानुवर्षं चालवलीय आणि अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो यांनी ती पुन्हा पुन्हा तपासली, त्यांना मायकेल क्रेमरबरोबर २०१९ चं नोबेल मिळालं ते गरिबी कमी करायचे उपाय असे प्रयोग करून तपासल्याबद्दल. मोठ्या मुलीला लहानांत बसायची लाज वाटत असेल तर तिला पाटीवर अक्षरं काढून द्यायचं काम द्या, तीपण शिकते.

रक्त कमी असणं. कर्नाटकात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ४७.८ टक्के जणींना रक्तक्षय आहे असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं. पीएचसीत म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या, १२ च्या खाली असलं तर कमी, गरोदर असेल तर ११ च्या खाली, आणि पुढचं डॉक्टर सांगतील तसं. शाळेत आठवड्याला एक निळी लोहाची गोळी देतात ती पोरी दप्तरात टाकतात, कारण मळमळतं आणि शौचाला काळं होतं म्हणून घाबरतात. आधीच सांगा की काळं होणं साहजिक आहे. जेवल्यावर घ्यायची, चहाबरोबर नाही, लिंबू पिळून खाल्लं तर बरं.

लग्न. याच पाहणीत कर्नाटकातल्या २० ते २४ वयाच्या बायकांत २१.३ टक्के जणींचं लग्न १८ च्या आत झालेलं होतं. कर्नाटकानं कायद्यात बदल केलाय, इथं बालविवाह मुळातच रद्द धरला जातो, तो रद्द करायला पोरीला कोर्टात भांडायला लागत नाही. हे बऱ्याच घरांत माहीत नसतं, सांगितलं की थांबणारी माणसं आहेत. थांबत नसतील तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, सीडीपीओंना म्हणजे बालविकास अधिकाऱ्यांना सांगा, एकटीनं त्या घरी जाऊ नका आणि कुणी कळवलं ते कुणाला कळू देऊ नका. आणि शाळा सुटून दोन-तीन वर्षं झालेली मुलगी असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून म्हणजे एनआयओएसमधून दहावी करता येते, मराठीतूनसुद्धा.

जे निघालं ते पंचायतीपुढं ठेवा, नावं न सांगता, नुसते आकडे. महिला ग्रामसभेत ठेवलंत तर जास्त चांगलं. आपल्याकडं पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, मेंबर बाई सभेला नवऱ्याला पाठवत असेल तर घरी जाऊन तिलाच घेऊन या, तिनंच वाचून दाखवू दे. पश्चिम बंगालच्या ४९५ गावांतल्या अभ्यासात, २०१२ मध्ये छापलेल्या, जिथं लागोपाठ दोन वेळा प्रधानपद बायकांसाठी राखीव होतं तिथं मुलगा-मुलगीच्या शिक्षणातला फरक पुसला गेला होता आणि मुलींचा घरकामाचा वेळही कमी झाला होता. पोरी बघत असतात हो.

सहा महिन्यांनी तीच घरं, तेच प्रश्न, तीच वही. जमलं तर पहिल्याच फेरीला शेजारच्या एका गल्लीचीही मोजणी करून ठेवा जिथं तुम्ही काहीच केलं नाही, नाहीतर दोन्हीकडं सारखाच फरक पडलेला असतो आणि आपण म्हणतो आमच्यामुळं झालं. आणि जे जमलं नाही तेही त्याच शाईनं लिहा. आमच्या सातांतल्या चौघी परत गेल्या, दोघी शिवणकामाला लागल्या, एकीचं लग्न झालं, १८ पूर्ण व्हायला चार महिने होते, आम्हाला कळलं तेव्हा मांडव उतरलेला होता. तिचं पान मी फाडलं नाही.

खर्च म्हणाल तर चार वह्या, झेरॉक्स, तालुक्याचे हेलपाटे आणि सभेचा चहा, संघाच्या बचतीतनं निघतो. यंदाची फेरी आम्ही केली नाही, पीयूसीतल्या दोघींनी केली. त्यांनी स्वतःहून एक प्रश्न वाढवला, कॉलेजचे मेसेज घरात कुणाच्या मोबाईलवर येतात. फी, परीक्षेचा फॉर्म, स्कॉलरशिपची शेवटची तारीख, सगळं आता त्यावरच येतंय. नऊ घरांत तो मोबाईल बापाबरोबर गोव्याला होता.